बंधारा बांधला, पण त्याला राखणार कोण?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या नाल्यावर काही वर्षांपूर्वी सिमेंटचा बंधारा झाला. दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच्या पायथ्याशी, डाव्या अंगाला, मुठीएवढे भोक पडले. चार घमेली चिकणमाती आणि थोडे दगड वेळीच टाकले असते तर ते तेव्हाच बुजले असते; पण हे काम कोणाचे, तेच कधी ठरलेले नव्हते. आज त्या भोकातून शेळी आरपार जाते आणि हरभऱ्याला दुसरे पाणी द्यायच्या आतच नाला कोरडा पडतो.

हे लिहिण्याचे कारण म्हणजे बीव्हर या प्राण्याविषयी नुकतेच वाचलेली माहिती. उत्तर अमेरिका आणि युरोपात आढळणारा, उंदीर-खारीसारखा कुरतडणारा हा प्राणी दातांनी झाडे पाडतो आणि फांद्या, दगड व चिखल रचून ओढ्यावर बांध घालतो. त्याच्या घराचे दार पाण्याखाली असते, म्हणून त्याला खोल डोह लागतो. हा बांध पाणी पूर्ण अडवत नाही, ते झिरपत पुढे सोडतो. त्यामुळे पुराचा जोर मोडतो, गाळ मागे बसतो, दोन्ही काठांत पाणी मुरते आणि डोहात मासे, बेडूक, चतुर व पाणपक्षी नांदू लागतात. कातडीसाठी झालेल्या शिकारीने ब्रिटनमधून १६व्या शतकाच्या सुमारास संपलेला हा प्राणी २००९ साली स्कॉटलंडमधील नॅपडेलच्या जंगलात मुद्दाम पुन्हा सोडण्यात आला, तो तिथल्या निसर्गावर त्याचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी.

मला मात्र सर्वांत मोलाची वाटली ती त्याची डागडुजी. वाहत्या पाण्याचा आवाज कानी पडला की तो तिकडे काड्या-चिखल घेऊन जातो; स्वीडनचे प्राणिअभ्यासक लार्स विल्सन यांनी असा आवाज ध्वनिक्षेपकावर वाजवला, तेव्हा बीव्हरांनी त्या ध्वनिक्षेपकावरच बांध रचायला घेतले.

हा प्राणी आपल्याकडे आणावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. अर्जेंटिनाने १९४६ मध्ये कॅनडातून २० बीव्हर नेऊन दक्षिण टोकाला सोडले आणि तिथली जंगले आजही त्याची किंमत मोजत आहेत. राखणीची रीत तर आपल्या विदर्भातही होतीच. भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची पाळ आणि पाट गावच सांभाळत असे. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ती घडी विस्कटली.

म्हणून ग्रामपंचायतींना विनंती आहे की, नव्या बंधाऱ्याचा ठराव घेताना तो कोणत्या शेतकऱ्यांनी राखायचा, त्यांची नावे त्याच ठरावात लिहावीत, दुरुस्तीसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी आणि मृगाच्या आधी व दसऱ्यानंतर अशी दोनदा पाहणी करावी. आमच्या बंधाऱ्याचे भोक बुजवायला आम्ही काठावरचे शेतकरी श्रमदान करू. मुरूम आणि सिमेंट तेवढे पंचायतीने द्यावे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ