आमचा रेड ॲरे वाचवणाऱ्या अभियंत्यांस

सप्रेम नमस्कार,

सर्व्हर पुन्हा सुरू झाला, फायली उघडून पाहून झाल्या, तरी मन अजून थाऱ्यावर आलेले नाही. आमचा आठ ड्राइव्हचा रेड ५ ॲरे होता, म्हणजे आठ ड्राइव्ह जोडून केलेला एकच साठा. त्यात एक ड्राइव्ह गेला तरी पॅरिटीच्या, म्हणजे हरवलेला मजकूर पुन्हा काढून देणाऱ्या जादा माहितीच्या, आधारे काम चालू राहते. पण त्याच्या जागी बसवलेल्या नव्या ड्राइव्हवर रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या ड्राइव्हचा मजकूर पुन्हा लिहिणे, चालू असतानाच दुसरा बाहेर पडला आणि संस्थेच्या अनेक वर्षांच्या नोंदी दिसेनाशा झाल्या.

आपल्याआधी आलेल्यांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. एका तंत्रज्ञांनी ॲरे चालवणाऱ्या कंट्रोलरचा लॉग न उघडताच ॲरे नव्याने बनवून इनिशियलाइझ करण्याचा सल्ला दिला. तो मानला असता, तर उरलेल्या डेटावरही शून्ये लिहिली गेली असती. दुसऱ्यांना दोन्ही ड्राइव्ह फोर्स ऑनलाइन करून, म्हणजे जबरदस्तीने पुन्हा ॲरेत घेऊन, पाहायचे होते. त्यांतला आधी कोणता गेला, हे त्यांनी विचारलेसुद्धा नाही. आधी गेलेल्या ड्राइव्हवरचा मजकूर शिळा असतो आणि त्यावर विसंबून पॅरिटी पुन्हा मोजली, तर धड माहितीही बिघडते, हे आम्हाला आपल्याकडून कळले.

आपण मात्र प्रथम सर्व्हर बंद करवलात आणि एकही ट्रे ओढण्यापूर्वी प्रत्येकीवर स्लॉट क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलीत. मग एकेक ड्राइव्ह हाती घेऊन त्याचा सिरियल क्रमांक मोठ्याने वाचलात, तो मला लिहून घ्यायला लावलात आणि मी लिहिलेला पुन्हा वाचायला सांगितलात. इतक्या दिवसांत आमच्या डेटाला कोणी जपून हात लावतो आहे, असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले. बाकीचे कौशल्य मोठेच आहे, पण माझ्या मनात घर करून राहिले आहे ते हे वाचणे. ड्राइव्हचा क्रम चुकला तर स्ट्राइप, म्हणजे सर्व ड्राइव्हवर विभागून ठेवलेले डेटाचे तुकडे, जुळत नाहीत, हे खरेच. तरीही त्या सावधपणात आमच्या कामाविषयीचा आदर होता.

दुसरा ड्राइव्ह मेलेला नव्हता. काही बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेले भाग, वाचताना त्याला उशीर झाला, म्हणून कंट्रोलरने तो बाहेर काढला होता. आपण त्याचा आणि उरलेल्या सर्वांचा क्लोन घेतलात, मूळ ड्राइव्ह बाजूला ठेवलेत आणि पुढचे सारे काम प्रतींवरच केलेत. शेवटी, न वाचता आलेल्या सेक्टरांमुळे ज्या थोड्या फायली अपुऱ्या राहिल्या, त्यांची यादी आपणहून आमच्या हाती दिलीत. ती दिली नसती, तर आम्हाला पत्ताही लागला नसता. कोणी पाहत नसतानाही असे सरळ वागणारी माणसे या क्षेत्रात आहेत, याचा मला फार आनंद आहे.

आपल्या सांगण्यावरून नवा ॲरे दोन ड्राइव्ह गेले तरी चालणाऱ्या रेड ६ वर नेला आहे आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे ध्यानात घेऊन स्वतंत्र प्रतही ठेवू लागलो आहोत. या नोंदींवर ज्यांचे काम अवलंबून आहे, त्या आम्हा सर्वांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
संस्थेचा सर्व्हर सांभाळणारा कर्मचारी