जड वाहनाचा परवाना देण्याआधी घाट उतरायला शिकवा : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

मी एक छोटा ट्रान्सपोर्टवाला आहे. घरच्या गाड्या आहेत आणि त्यांवर ड्रायव्हर ठेवावे लागतात. नव्या मुलाचा परवाना हातात घेतला की तो खरा आहे, मुदतीत आहे, त्यावर जड वाहनाची नोंद आहे, एवढे कळते. भरलेली गाडी या मुलाच्या ताब्यात द्यावी की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही. माझी तक्रार एवढ्याच गोष्टीबद्दल आहे.

म्हणून नवा मुलगा आला की मी त्याला लगेच गाडी काढायला सांगत नाही. केबिनमध्ये बसवतो, इंजिन चालू करायला लावतो आणि हवेचा काटा कुठे आहे ते विचारतो. जड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, म्हणून टाकीत पुरेशी हवा भरेपर्यंत गाडी हलवायची नसते, हे काही जणांना ठाऊक असते. बरेच जण नुसते बघत राहतात. मग दुसरा प्रश्न. गाडीत वीस टन माल आहे, इगतपुरी सोडली, आता कसारा घाट उतरायचा आहे, तर गिअर कोणता? याचे जे उत्तर मला वारंवार मिळते ते ऐकून पोटात गोळा येतो : ‘न्यूट्रल. डिझेल वाचतं.’

यात मुलाचा दोष नाही. ज्याच्याबरोबर तो फिरला त्याने तेच केले, आणि मालकाने डिझेलचा हिशेब मागताना तेच शिकवले. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाची पकड जाते आणि सगळे वजन ब्रेकवर येते. ब्रेकचे लायनर आणि ड्रम तापतात, तापले की ब्रेक धरेनासा होतो आणि पाय कितीही दाबला तरी वेग वाढतच राहतो. त्यात इंजिनच बंद केले असेल तर आणखी वाईट, कारण हवेचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. ब्रेक मारला की टाकीतली हवा खर्च होते आणि नवी हवा भरत नाही. पॉवर स्टिअरिंगची मदतही त्याच वेळी जाते. दुसऱ्या दिवशी बातमी येते ‘ब्रेक फेल’. ज्या घाटात चढताना गाडी खालच्या गिअरमध्ये चढते, त्या घाटात ती उतरवायचीही साधारण त्याच गिअरमध्ये आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा, एवढी साधी गोष्ट आहे. एका दुपारी सांगून होते. पण हातात बसायला जाणत्या माणसाला शेजारी बसवून, भरलेल्या गाडीवर, खऱ्या घाटात अनेक वेळा उतरावे लागते.

पुण्याचा नवले पूल आपल्याला माहीत असेल. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणारा उतार तिथे संपतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका मालट्रकने कितीतरी गाड्या एकामागून एक उडवल्या. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे तेव्हा पोलिसांनी सांगितले. त्यानंतर तिथे वेगमर्यादा आली, रम्बलर (वेग कमी करायला लावणारे रस्त्यावरचे उंच पट्टे) आले, कॅमेरे आले. ते हवेच होते. त्या उतारावर येणाऱ्या ड्रायव्हरला उतार कसा उतरायचा हे कोणी शिकवले होते का, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

कायदा काय मागतो ते पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार व्यावसायिक वाहनासाठी वय २० वर्षे पूर्ण हवे आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा. त्या वर्षात मुलाने कार चालवली की कपाटात परवाना ठेवला, हे कोणी विचारत नाही. पुढे शिकाऊ परवाना, ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि चाचणी. ती रिकाम्या गाडीवर, सपाट जागेवर, दिवसाउजेडी होते. आमचा धंदा चालतो भरलेल्या गाडीवर, घाटात, रात्री.

२०१९ साली आपल्या मंत्रालयाने व्यावसायिक परवान्यासाठीची आठवी पासची अट काढली. त्या निर्णयाचे मी स्वागत केले होते आणि आजही करतो. मला भेटलेल्या उत्तम ड्रायव्हरांपैकी कित्येकांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती. पण अट काढताना मंत्रालयाने एक शब्दही दिला होता : प्रशिक्षण आणि चाचणी कडक करू, चालकाला रस्त्यावरच्या खुणा वाचता येतील, गाडीची तपासणी आणि नोंदी करता येतील याची खात्री करू. अट काढून झाली. शब्द पाळण्याची आम्ही वाट पाहतो आहोत.

पूर्वी हे शिक्षण कायद्याबाहेर होत होते. मुलगा किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून गाडीवर चढायचा. ताडपत्री बांधायची, दोर आवळायचे, टायर ठोकून बघायचे, चाकामागे दगड लावायचा, रिव्हर्स घेताना मागे उभे राहून हाक द्यायची. काही वर्षांनी उस्ताद मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात द्यायचा, मग हळूहळू घाट. या पद्धतीत अन्याय होता, पगार नावाला होता, मारझोडही होती, आणि परवाना नसताना गाडी हाती देणे बेकायदाच होते. तिचे गुणगान मला करायचे नाही. पण त्यातून शिकलेला माणूस गाडीच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. आता भाडी परवडत नाहीत म्हणून मालक किन्नर ठेवत नाहीत. मीही बहुतेक खेपांना ठेवत नाही. ड्रायव्हर एकटाच निघतो. जुनी शाळा बंद पडली आणि तिच्या जागी सरकारने भरलेली गाडी आणि घाट शिकवणारी सक्तीची अशी कोणतीच शाळा उघडली नाही.

मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम जुलै २०२१ पासून लागू आहेत. मध्यम आणि जड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम, सिम्युलेटर, स्वतंत्र ट्रॅक ही रचना चांगली आहे. माझ्या दोन शंका आहेत. पहिली, हा मार्ग ऐच्छिक आहे. ज्याच्याकडे पैसे आणि सहा आठवड्यांची सवड आहे तो जाईल, बाकीचे जुन्याच वाटेने परवाना काढतील. दुसरी शंका जास्त गंभीर आहे. या केंद्राचे प्रमाणपत्र असेल तर परवान्यासाठीची चाचणी माफ होते. जो शिकवतो आणि फी घेतो, तोच पास करतो. बहुतेक केंद्रे प्रामाणिक असतील, पण एखाद्याने कागद विकायला काढला तर त्याला अडवणारा मध्ये कोणीच उरत नाही. जड वाहनापुरती तरी ही माफी काढून टाका. शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा हवा.

युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशानुसार नव्या व्यावसायिक चालकासाठी पूर्ण प्रशिक्षणाच्या मार्गाने २८० तास ठरवले, कमी मुदतीच्या मार्गाने १४० तास, आणि नंतर दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी. आपल्याला उद्याच ते जमेल असे मी म्हणत नाही. पण आपल्याकडेही व्यावसायिक परवान्याची मुदत पाच वर्षेच आहे. नूतनीकरणाच्या वेळी दोन दिवसांची उजळणी सक्तीची करणे अवघड नाही. धोकादायक माल वाहणाऱ्या चालकांसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि नंतर उजळणी आपल्याच नियमांत आहे. टँकरवाल्याला जे लागू आहे ते वीस टन लोखंड वाहणाऱ्याला का नको?

माझी मुख्य मागणी ही की शिकाऊ परवाना मिळाल्यापासून कायम परवान्यापर्यंत नव्या चालकाने मान्यताप्राप्त अनुभवी चालकाच्या शेजारी बसून ठरावीक तास भरलेली गाडी चालवलेली असावी. त्यात घाटाचे तास वेगळे आणि रात्रीचे वेगळे. त्याची नोंदवही असावी, प्रत्येक खेपेवर शिकवणाऱ्याची सही असावी, आणि आता बऱ्याच गाड्यांवर जीपीएस असते, तेव्हा नोंद खरी की खोटी हे पडताळता येईल. शेवटची चाचणी वजन भरलेल्या गाडीवर घ्यावी.

याचा खर्च मुलाच्या बापाच्या खिशातून जाता कामा नये. या धंद्यात येणारी मुले कोरडवाहू शेतीतून, ऊसतोडीच्या टोळीतून येतात. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे आणि २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलते. तोच मार्ग मालवाहतुकीत, माझ्यासारख्या दोन-चार गाड्यांच्या मालकांपर्यंत आणा. मी किन्नराची जागा पुन्हा भरीन, पण तो मुलगा शिकाऊ चालक म्हणून नोंदलेला असेल, त्याला विद्यावेतन मिळेल आणि त्याच्या प्रत्येक तासाला कागदावर किंमत असेल.

देशात सुमारे २२ लाख चालकांची कमतरता आहे, असे आपण सांगता. या आकड्याची भीती मला वेगळ्याच कारणाने वाटते. घाईने भरती झाली तर पहिली कात्री प्रशिक्षणाला लागेल. नव्याने तयार होणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. उन्हाळ्यात विदर्भातून गाडी नेणाऱ्या माणसाला त्याचे मोल कळते. २०२४ च्या जानेवारीत अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या तरतुदीवरून चालक रस्त्यावर उतरले आणि ती तरतूद पुढे थांबवली गेली. तिच्यावर पुन्हा विचार होईल तेव्हा तो होवो. त्याआधी, ज्याच्यावर एवढी मोठी जबाबदारी टाकायची त्याला शिकवण्याची जबाबदारी सरकारने आणि आम्ही मालकांनी घेतली पाहिजे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतली पुढची दुरुस्ती मसुदा म्हणून हरकतींसाठी येईल, तेव्हा त्यात भरलेल्या गाडीचे आणि घाटाचे सक्तीचे तास असावेत आणि जड वाहनासाठी चाचणीची माफी रद्द व्हावी. मसुदा मराठीतही काढावा, म्हणजे आमचे ड्रायव्हरच त्यावर हरकती लिहून पाठवतील.

कळावे,
आपला नम्र,
एक ट्रक मालक