आत्याची वही

रामबाग, इंदूर

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन मधेच ठेवला, रागावू नकोस. वकिलांकडून नुकताच आलो होतो आणि 'आमच्या ब्रिस्बेनला असतं तर' हे ऐकायचं त्राण नव्हतं.

आत्याचं मृत्युपत्र सापडलं. म्हणजे आम्ही त्याला मृत्युपत्र म्हणतो, वकीलसाहेबांनी वही उलटसुलट केली आणि विचारलं, "दो गवाह कहाँ हैं?" दुधाच्या हिशेबाची वही ती. शेवटच्या पानावर तिचं टपोरं मास्तरणीचं अक्षर: 'माझ्या पगारातून घेतलेलं हे घर माझ्यामागे ताईला द्यावं.' खाली सही, तारीख. नोंदणी नाही म्हणून काही अडत नाही, ती ऐच्छिकच असते. स्टँपपेपरही लागत नाही. अडलंय ते साक्षीदारांपाशी. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३. सही करताना पाहिलेल्या, किंवा 'ही माझीच सही' असं तिच्या तोंडून ऐकलेल्या दोघांनी तिच्यासमोर सह्या करायच्या. त्या नसतील तर अक्षर तिचंच आहे हे कुणीही नाकारलं नाही तरी उपयोग शून्य.

मग घर कुणाचं? हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५ म्हणतं, मूलबाळ नसलेल्या विधवेची स्वकमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे देवासचे पुतणे, ज्यांनी आत्याला शेवटचं पाहिलं ते काकांच्या तेराव्याला. आणि सात वर्षं पथ्यपाणी, औषधं, रात्रीची उठबस केली ती ताईनं. ताईला सांगितलं तर ती नुसती हसली. ते हसू मला अजून छळतंय.

तू सांगितलेली २०१७ ची क्वीन्सलँडची केस मी वकीलसाहेबांना ऐकवली. मोबाईलमध्ये लिहून ठेवलेला, कधी पाठवलाच नाही असा मेसेज. सगळं भावाला नि पुतण्याला, थोडी रोकड टीव्हीच्या मागे, शेवटी 'माय विल' आणि एक हसरा चेहरा! बायकोनं विरोध करूनही कोर्टानं तो मृत्युपत्र म्हणून मानला. का, तर तिथं सह्या-साक्षी नसल्या तरी त्या माणसाच्या मनात हेच आपलं मृत्युपत्र होतं का, एवढं पटलं की न्यायाधीशाला मान्यता देता येते. वकीलसाहेब म्हणाले, आपल्या न्यायाधीशाला अशी सूट द्यायचा अधिकारच नाही. वर विचारलं, "कल देवास वाले भी एक कॉपी ले आए तो?" मी गप्प बसलो. वाईट म्हणजे प्रश्न बरोबर होता.

पण तुला लिहायचं कारण वेगळंच आहे. पानावरची तारीख दिवाळीच्या पाडव्याची आहे. तू आला होतास, आठवतं? आत्यानं वही नाकाशी धरून मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "सही माझीच आहे, बघून घ्या." आपण चिवडा संपवत होतो. तू म्हणालास, "आत्या, शंभरी गाठल्याशिवाय तुम्हाला सोडत नाही," आणि मी वही मिटून फडताळात टाकली. टोपण न लावलेलं पेन समोरच पडलं होतं. कलम ६३ ला जे जे लागतं ते सगळं त्या खोलीत होतं रे. आता आपण सह्या करून चालत नाही, त्या तिच्यादेखतच हव्या होत्या.

रविवारी देवासला जातोय. पुतण्यांनी आपणहून हक्क सोडला तरच काही होईल. ताई येत नाही म्हणते. थोरला तुझ्याबरोबर क्रिकेट खेळायचा, तुझं ऐकतो. शनिवारी त्याला एक फोन कर, आणि पाडव्याचं सगळं सांग. चिवड्यासकट.

तुझा,
बाळ्या