क्लासचे पैसे पाठवू नका

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की इंग्लिश कच्चं वाटत असेल तर सीताबर्डीतला स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव, पैशाचं मी पाहतो. तेव्हा ऑफिसातले लोक बाजूला होते, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहून राहिली. पैसे नका पाठवू. कॅट म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेशाची परीक्षा, तिच्यात बोलायला काहीच नसतं हो बाबा, अन् नुसते शब्द पाठ करून पण भागत नाही. व्हर्बलला, म्हणजे इंग्लिशच्या भागाला ४० मिनिटं, प्रश्न २४, त्यातले १६ चार उताऱ्यांवर, आणि उतारा कशावरही येतो, तत्त्वज्ञान म्हणा, समुद्रातले मासे म्हणा, अन् ऑप्शन असे की चारही बरोबर वाटतात. बरोबर आलं की ३ मार्क, ऑप्शनवालं चुकलं की १ कट. माझी रूममेट बाहेरच्या देशातल्या एमबीए कॉलेजांसाठी जीमॅट नावाची परीक्षा देऊन राहिली, तिथं तर २०२३ मध्ये नवा पेपर आला तेव्हा वाक्यातल्या चुका शोधायचे प्रश्नच काढून टाकले, आता व्हर्बलमध्ये फक्त उतारे आणि युक्तिवाद.

त्या युक्तिवादाचंच तुम्हाला सांगायचं होतं. मागच्या आंबिया बहाराची संत्री नेली तेव्हा कळमना मार्केटमध्ये तो अडत्या म्हणाला, गाडी उशिरा आली म्हणून भाव कमी. तुम्ही शांतपणे विचारलं, मग पहाटे आलेल्यांना काय भाव भेटला? तो गप्पच झाला. बाबा, पेपरात हेच विचारतात! कोणी एक कारण सांगतं, आपण पाहायचं की त्यात काय गृहीत धरलंय, अन् कोणती माहिती भेटली तर ते कोसळेल. पहाटेच्या गाडीलाही तोच भाव असेल तर उशिराची गोष्ट संपली नं. मी आता असा प्रश्न आला की आधी ऑप्शन हाताने झाकते, तुम्ही असता तर काय विचारलं असतं ते मनात ठरवते, मगच खाली पाहते. खरंच फरक पडून राहिला.

वाचनाचं म्हणाल तर सकाळी खापरीपर्यंत मेट्रोत हितवाद या इंग्लिश पेपरचा अग्रलेख वाचते आणि प्रत्येक पॅराला एक ओळ लिहिते, मराठीतच, कारण मराठीत लिहिताना समजलं नसेल तर पेन अडतंच. मॉकमधले, म्हणजे सराव परीक्षेतले चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत. उत्तर उतरवत नाही, चुकीचा ऑप्शन मला खरा काऊन वाटला ते लिहिते. बहुतेक वेळा त्यात 'फक्त' किंवा 'नेहमी' असतं, नाही तर गोष्ट जगात खरी असते पण उताऱ्यात नसते. हे कोणता क्लास माझ्यासाठी करणार? ते मलाच करावं लागेल.

आई, मी वेळेवर जेवते, काळजी करू नको. इथल्या नागपूरच्या, मिहानमधल्या आयआयएमलाच नंबर लागावा असं फार वाटतं, म्हणजे शनिवार-रविवार काटोलला येता येईल.

कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, ऐन तोडणीत, त्यामुळे या वेळी मला येता नाही येणार. गड्यांच्या मजुरीचा हिशोब दर रविवारी फोनवर सांगा, मी इथून लिहून ठेवते. आणि क्लाससाठी काढलेल्या पैशात खालच्या वावरातल्या ठिबकच्या नळ्या बदलून घ्या, उन्हाळ्यापासून गळून राहिल्या त्या.

तुमची,
छोटी