मोंढ्यामागच्या लेथवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

परवा सत्काराच्या वेळी कुणाकुणाचे आभार मानायचे याची चिठ्ठी मला आधीच हातात दिली होती. त्या चिठ्ठीत तुम्ही नव्हता. तुम्ही मंडपाच्या शेवटच्या खांबापाशी उभे होता, हे मी स्टेजवरून पाहिलं. मी तुमच्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि तेवढ्यात माइक दुसऱ्याच्या हातात गेला. राहिलेलं इथं लिहिते, सगळ्यांसमोर. तुमचा धाकटा वाचून दाखवील.

बॅनरवर ज्यांचे फोटो होते त्यांच्याविषयी एकदाच लिहिते आणि सोडून देते. महिला दिनाच्या कार्यक्रमात "ताई, विमानाच्या तिकिटाची काळजी करू नका" असं माइकवरून सांगणारे साहेब त्यानंतर माझ्या फोनला सापडले नाहीत. एका कार्यालयात मला पुनःपुन्हा बोलावलं आणि शेवटी सांगितलं की केटलबेल, म्हणजे हा मुठीचा जड गोळा उचलायचा माझा खेळ, ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे आमच्या यादीतही नाही. खरं आहे, नाही. पण हे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं, माझ्या रजा वाचल्या असत्या. आणि जिममध्ये? "मॅडम, या वयात खांदा निखळेल, झुंबा करा." मी पतसंस्थेचं कर्ज काढून कझाकस्तानात अल्माटीला स्पर्धेला गेले. आता तेच सगळे शाल घेऊन आले. शाल घेतली मी. राग मात्र आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

तुमच्याकडे मी आले ती अशीच वैतागून. जिममधल्या बिडाच्या केटलबेल वजनागणिक लहानमोठ्या असतात. १६ किलोचा गोळा आकारानं छोटा, तो वर नेला की मनगटाच्या हाडावर आदळतो. स्पर्धेतली केटलबेल पोलादी असते आणि ८ किलोची असो की ३२ ची, बाहेरून माप एकच: २१० मिलिमीटरचा गोळा, २८० उंची, ३५ ची मूठ. तुम्ही त्या वेळी डाळमिलचा रोलर लेथवर चढवत होता. चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही कागद पाहिला. इतरांनी विचारलं होतं ते, "हे कशाला उचलायलाव?" तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही म्हणालात, "हात दाखव." माझा पंजा पाहिलात, घट्टे पाहिलेत, आणि ३५ च्या बारवर खडूनं खूण केलीत.

मूठ तापवून वाकवली, दोन वाट्या वेल्ड केल्या, आत खडखड नको म्हणून शिसं ओतलं. गल्लीतली पोरं त्याला कुलूप म्हणायला लागली, आणि दिसायला ते होतंही एखाद्या वाड्याच्या दाराला लावायच्या कुलपासारखंच. हा खेळ आला कुठून, हे तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं की रशियात धान्य तोलायला अशी मुठीची वजनं असायची, एक पूड (तिथलं जुनं माप) म्हणजे १६ किलोंहून थोडं जास्त, आणि बाजारातले गडी ती उचलायच्या पैजा लावायचे असं सांगतात. तुम्ही लगेच उठलात. "मग मोंढ्यातच तोलू." आडतीवर तुरीच्या कट्ट्यांशेजारच्या काट्यावर तो गोळा ठेवला तर किंचित जास्त भरला. मी म्हटलं चालतंय. तुम्ही तो परत नेलात, उघडलात, शिसं कमी केलंत, पुन्हा तोलायला आणलात.

मजुरी तुम्ही घेतलीत, पूर्ण. मला ते फार आवडलं. माझ्या खेळावर कुणी दया केली नाही, एका कारागिरानं काम केलं आणि कामाचे पैसे घेतले.

पण मी हे पत्र लिहितेय ते गोळ्यासाठी नाही. ते रविवारच्या मोजणीसाठी.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्नॅच प्रकारात १० मिनिटं घड्याळ चालतं. गोळा पायांमधून झुलवून एका दमात डोक्यावर न्यायचा. वर गेल्यावर कोपर सरळ, गुडघे सरळ, गोळा स्थिर, मगच एक मोजतात. खाली ठेवायचा नाही, हात एकदाच बदलायचा. हौशी गटातल्या बायकांना १६ किलो. सहाव्या-सातव्या मिनिटाला बोटांची पकड सुटायला लागते, आणि माणूस कोपर न ताणताच गोळा खाली सोडायला बघतो.

रविवारी दुकान बंद असताना तुम्ही अर्धं शटर वर करायचात आणि स्टुलावर बसून त्या शटरवर खडूनं रेघा मारायचात. पाच झाल्या की आडवी रेघ. घरी मुलगा मोजायचा तेव्हा लाडानं दोन-चार जास्तच धरायचा. जिममधली पोरं "भारी, मॅडम, भारी" म्हणत सुटायची. तुमचा खडू मात्र कोपर वाकडं राहिलं की शटरवर टेकलेला तसाच थांबायचा. रेघ नाही. एकदा शेवटच्या मिनिटांत तो हललाच नाही. मी गोळा टाकला आणि ओरडले, "चाचा, झाल्या की एवढ्या! डोळे मिटलेत का?" तुम्ही उठून पाण्याचा तांब्या पुढं केलात आणि म्हणालात, "एक सूत कम हुआ तो कमीच, बेटी. उद्या मिलवाला रोलर परत आणतो, त्याला काय सांगू?"

मला त्या दिवशी रडू आलं होतं, हे तुम्हाला कळलं असेल. एवढी वर्षं मला कुणी इतकं गंभीरपणे घेतलंच नव्हतं. खोटं कौतुक करणाऱ्यांनी मला कधीच खेळाडू मानलं नाही, म्हणून तर त्यांना खोटं बोलणं सोपं गेलं.

अल्माटीत हॉलच्या बाहेर आलं की दक्षिणेला बर्फाचे डोंगर दिसतात, तुम्हाला बघायला आवडले असते. आत माझ्यासमोर पंच बसल्या होत्या, शेजारी आकडे दाखवणारी पाटी. पिवळा गोळा हातात घेतला आणि मूठ ओळखीची लागली, अगदी तुमच्या मुठीइतकी. आठव्या मिनिटाला पंचांनी "नो काउंट" म्हटलं. पाटीवरचा आकडा जागेवर. पुन्हा "नो काउंट". शेजारच्या पाटावरच्या बाईंना असंच दोनदा झालं तेव्हा त्या पंचांकडे बघून काहीतरी बोलल्या, लय तुटली, गोळा खाली आला. मला धक्का बसलाच नाही. मला ते नवीन नव्हतं. श्वास घेतला, कोपर ताणलं, गोळा वर थांबवला, आकडा पुढं सरकला. तळहात फाटला होता, मूठ ओली लागत होती, पण १० मिनिटं गोळा खाली आला नाही. पदक नाही मिळालं. शटरवर कधीही नव्हत्या इतक्या रेघा मात्र तिथं झाल्या, आणि त्यातली एकही उसनी नाही.

आपल्या लातूरला माप म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या गल्लीत टँकरची वही एका बाईंकडे होती. त्यांनी स्वतःच्या घराचं नाव सगळ्यात खाली लिहिलं होतं आणि ओळखीपाळखीला एक घागरही वर दिली नाही. त्यांचा सत्कार कुणी केल्याचं मला आठवत नाही. अशी माणसं असतात म्हणून गल्ली चालते, मोंढा चालतो, शाळाही चालते. चाचा, तुम्ही त्यांतले आहात, आणि हे तुमच्या तोंडावर कुणीतरी म्हणायला हवं होतं.

आता कामाचं. शाळेतल्या दोन मुली मागं लागल्या आहेत. त्यांच्यासाठी ८ किलोचे दोन गोळे हवेत. माप तेच, २१०, २८० आणि ३५. वजन हलकं म्हणजे आतून पोकळ ठेवावं लागेल, ते तुम्ही बघा. मजुरी नेहमीची लावा. आणि रविवारी त्यांच्या रेघाही तुम्हीच मारा. त्या रडतील, चिडतील, घरी जाऊन तक्रार करतील. त्यांच्या आयांशी मी बोलून ठेवलं आहे.

तुमची,
रविवारची बेटी