व्याजाची लाज आणि व्याजाचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा विषय निघाला की बहुधा दोनच सूर ऐकू येतात. पहिला 'अंथरूण पाहून पाय पसरायला काय झालं होतं?' हा. दुसरा 'आजकाल सगळेच व्याज भरतात, त्यात काय एवढं!' हा. पहिल्याला समोरच्याची अक्कल काढायची असते, दुसऱ्याला विषय टाळायचा असतो. आकडेमोड दोघांनाही नको असते.

मी स्वतः दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्यांपैकी. तरीही आमच्या जमातीचा तोरा मला खटकतो. खरेदीपासून बिलाच्या मुदतीपर्यंत आम्ही कंपनीचे पैसे फुकट वापरतो, वर पॉइंट गोळा करतो. हा खर्च कंपनी काही पदरमोड करून सोसत नाही. दुकानदाराकडून मिळणारे शुल्क हे तिचे एक उत्पन्न आणि बाकी पुढे ढकलणाऱ्यांचे व्याज हे दुसरे. ज्यांना आपण उधळे म्हणतो, त्यांच्या व्याजावर आपल्या सवलतींचा थोडाफार तरी भार असतो, एवढे ध्यानात ठेवून मग उपदेश करावा.

बाकी पुढे नेणे ही ग्राहकाची चूक म्हणून सुरू झालेली गोष्टच नाही. १९५० मध्ये निघालेल्या डायनर्स क्लबच्या कार्डावर महिन्याचे बिल पूर्ण चुकते करावे लागे. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने फ्रेस्नो शहरात न मागताच सुमारे ६० हजार कार्डे लोकांच्या घरी पाठवली, त्या कार्डांवर बिलाचा काही भाग भरून उरलेला पुढे नेण्याची सोय होती. सोय अर्थातच व्याजासह. हे फिरते कर्ज म्हणजे या धंद्याचा पायाच. म्हणून 'बाकी ठेवणारा बेजबाबदार' हे वाक्य मला फार सोपे वाटते.

दुसरा सूर मात्र जास्त महागात पडतो. दरमहा ३ टक्के हा दर ऐकायला किरकोळ वाटतो, पण चक्रवाढीने वर्षाला तो साडेबेचाळीस टक्क्यांच्या घरात जातो. समजा एक लाख बाकी आहे, नवी खरेदी पूर्ण बंद केली आहे आणि बिलावर छापलेली 'मिनिमम ड्यू' म्हणजे एकूण बाकीच्या ५ टक्के रक्कम कोणी न चुकता भरतो आहे. ३२ महिन्यांनी त्याने मिळून साधारण १ लाख २० हजार भरलेले असतात आणि अंगावर जवळपास ५० हजार शिल्लकच असतात. एकही हप्ता चुकलेला नाही, दंड नाही, वसुलीचा फोन नाही. त्याला वाटते, आपण शिस्तीने फेडतो आहोत!

खोच अशी की बाकी घटली की मिनिमम ड्यूही घटते. त्याचा पहिल्या महिन्याचा हप्ता ५,१५० होता (महिन्याचे व्याज धरून झालेल्या १ लाख ३ हजारांच्या ५ टक्के). तोच आकडा त्याने दर महिन्याला कायम ठेवला असता, तर सगळे कर्ज ३० महिन्यांत संपले असते. उत्पन्न वाढवायला नको होते, पोटाला चिमटाही पहिल्या महिन्याइतकाच. बिलावरचा तो लहान होत जाणारा आकडा न पाळणे, एवढेच करायचे होते. पण छापलेल्या आकड्याचा मनावर पगडा बसतो. नील स्टुअर्ट या मानसशास्त्रज्ञाने २००९ मध्ये ब्रिटनमधला प्रयोग प्रसिद्ध केला. नमुन्याचे बिल दाखवून लोकांना 'किती भराल?' असे विचारले, तेव्हा ज्यांच्या बिलावर किमान रक्कम छापली होती, त्यांनी इतरांपेक्षा बरीच कमी रक्कम सांगितली. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला, की किमान रक्कमच भरत राहिलात तर कर्ज फिटायला किती काळ लागेल आणि तीन वर्षांत संपवायचे तर दरमहा किती भरावे लागेल, हे बिलावरच छापायचे. हा कायदा मला शंभर उपदेशांपेक्षा मोलाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट अनेक कार्डधारकांना ठाऊक नसते. बहुतेक कार्डांच्या नियमांनुसार बिलातले थोडेसे जरी बाकी राहिले, तरी नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. त्यामुळे बाकी असलेल्या कार्डावरच रोजचा खर्च चालू ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय. 'थोडी बाकी ठेवली की क्रेडिट स्कोअर सुधारतो' ही समजूतही निव्वळ भ्रामक आहे. स्कोअरसाठी वेळेवर भरणे महत्त्वाचे. व्याज भरल्याबद्दल तिथे कोणी गुण देत नाही.

बचत खात्यात पैसे असूनही कार्डाची बाकी ओढणारे लोक असतात, हे अर्थशास्त्रज्ञांनीही नोंदवले आहे. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. सगळेच खर्च कार्डावर भागत नाहीत आणि हाताशी रोख नसल्याची धास्ती खरी असते. पण थोडी गंगाजळी ठेवून बाकीचे पैसे कार्डावर भरले, तर जे व्याज वाचते ते कोणत्याही ठेवीवर मिळणार नाही.

खरे नुकसान लाजेने होते. घरी कळू नये म्हणून माणूस गुपचूप किमान रक्कम भरतो, पुढे एका कार्डातून रोख काढून दुसऱ्याचे बिल भागवतो. त्या रोखीवर पहिल्या दिवसापासून व्याज, शिवाय शुल्क वेगळे. बँकेत जाऊन 'ही बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून द्या' किंवा 'ती फेडायला वैयक्तिक कर्ज द्या' एवढे विचारणे त्याला अपमानाचे वाटते. मागितले की मिळेलच असे नाही. पण न मागितल्यामुळे महिनोन्‌महिने सर्वांत चढ्या दराने पैसे भरणारी माणसे आपल्या आसपास आहेत, आणि त्यांना गप्प बसवण्यात आमच्यासारख्या शिस्तप्रियांच्या टोमण्यांचा मोठा वाटा आहे.

आपल्या अर्थविषयक पानावर कोणत्या कार्डावर किती पॉइंट मिळतात, याचे तक्ते येतात. त्या जागी एखाद्या आठवड्यात वर मांडलेला हिशेब वेगवेगळ्या व्याजदरांसाठी छापावा: किमान रक्कम भरली तर किती महिने, पहिला हप्ता कायम ठेवला तर किती. वाचकाला आपली बाकी त्यात शोधता येईल आणि त्यासाठी कोणापुढे तोंड उघडावेही लागणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक