नाईटच्या सिस्टरला शिकवा, आणि तिचं ऐकाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१२ मे, म्हणजे नर्स दिन, होऊन गेला. दरवर्षीसारखे फोटो आले, मेणबत्त्या लावून शपथ झाली, केक कापला, सगळीकडे 'देवदूत' म्हणून आमचं कौतुक झालं. वाचून बरं वाटलं, खोटं का बोलू. पण सिंधुदुर्गातल्या सरकारी दवाखान्यांत ३३ वर्षं सिस्टर म्हणून काढली, त्यातली शेवटची ९ वर्षं इन्चार्ज होते, आणि रिटायर झाल्यापासून एक गोष्ट मनात सलत्ये ती आज लिहूनच टाकते. देवदूत नाही म्हटलं तरी चालेल, पण आमच्या मुलींना नोकरीला लागल्यावर पण शिकवत रहा, आणि शिकलेली सिस्टर रात्री दोन वाजता फोनवर काय सांगत्ये ते ऐकायची सवय दवाखान्यांना लावा.

आपल्याकडे हे जास्त गरजेचं का, ते कोकणात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री वॉर्डात असते ती सिस्टर, डॉक्टर कॅज्युअल्टीत नाहीतर ओटीत नाहीतर क्वार्टरवर, स्पेशालिस्ट असला तर असला. पेशंट जास्त सिरीयस झाला की कुडाळ सावंतवाडीकडचा गोव्याला बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यात जातो, कणकवली वैभववाडीकडचा कोल्हापूरला, आणि पावसाळ्यात घाटात दरड आली की तो रस्ता पण गेला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा कित्येक गावांत दिवसेंदिवस लाईट नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. अशा वेळी खाटेपाशी जी उभी आहे तिला काय येतं आणि तिला काय करायची मुभा आहे, यावरच सगळं येऊन थांबतं.

माझीच गोष्ट सांगते. नव्वदच्या दशकातली, मला लागून तीन-साडेतीन वर्षं झालेली. रात्री एक बाळंतीण माझ्या ताब्यात होती, पहिलटकरीण, वय २२, संध्याकाळी नॉर्मल डिलिव्हरी झालेली. साडेबाराला नाडी ९६, दीडला ११०, अडीचला १२४. बीपी मात्र ११० वरच, म्हणून मी स्वतःची समजूत घालत बसले. ती सारखी म्हणत होती, "सिस्टर, माझो जीव घाबरता." पॅड भिजत होतं, मी बदलत होते, पण किती भिजलं ते कुठे लिहिलं नाही. मग डॉक्टरांना फोन लावला आणि म्हटलं काय, तर "सर, ती बाळंतीण जरा बरी वाटत नाहीये." ते दोन दिवस सलग ड्युटीवर होते, झोपेतून उठून म्हणाले सलाईन चालू ठेवा, मी येतो सकाळी. मी "हो सर" म्हणून फोन ठेवला. चारच्या सुमाराला बीपी एकदम खाली आला, मग धावपळ, जीप, तेव्हाचा १७ नंबर हायवे, पाऊस. ती वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं. बाळ मुलगी होती. पुढे ती बाई मला बाजारात भेटायची, चांगलं बोलायची, आणि मला मात्र तिच्याकडे बघवायचं नाही.

मला नाडी मोजता येत होती, लिहिता पण येत होती. बाळंतपणानंतर जास्त रक्त जात असलं, त्याला पीपीएच म्हणतात, की आधी नाडी पळते आणि बीपी बराच वेळ टिकून राहतो, तरण्या बाईचं तर नक्कीच, हे मी परीक्षेत लिहून मार्क पण घेतले होते. पण १२४ नाडीचा अर्थ लावून, "सर, नाडी दोन तासात ९६ वरून १२४ झाल्ये, तिसरं पॅड पूर्ण भिजलंय, पोट मऊ लागतंय, मला वाटतं पीपीएच आहे, तुम्ही आत्ता या" असं ठणकावून सांगायला मला कोणी शिकवलं नव्हतं. उलट डॉक्टरपुढे सिस्टरने निदान बोलायचं नाही, हेच शिकवलेलं. बरं, ते डॉक्टर वाईट नव्हते हो. तीन वाक्यं नीट सांगितली असती तर ते धावत आले असते याची मला आजही खात्री आहे.

असं बोलायची पण एक पद्धत आहे, एसबार म्हणतात. आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतंय आणि तुम्ही काय करावं, एवढ्या चार गोष्टी ह्याच क्रमाने सांगायच्या. मुळात अमेरिकेच्या नौदलात पाणबुडीवर असं बोलायचे, तिथून ती दवाखान्यांत आली. चौथी गोष्ट सगळ्यात अवघड, कारण आमच्या मुली पहिल्या तीन सांगतात आणि "तुम्ही या" म्हणताना गप्प होतात. माझ्या मते नेतृत्व नेतृत्व म्हणतात ते तिथे सुरू होतं, खुर्ची मिळाल्यावर नाही.

आता शिकवण्याबद्दल. ट्रेनिंग होत नाही असं मी म्हणणार नाही, होतात आणि चांगली होतात. लेबर रूमसाठी सरकारचं दक्षता नावाचं ट्रेनिंग झालं, २०१७ पासून लक्ष्य हा कार्यक्रम आला, नवजात बाळाला श्वास द्यायचं शिकवणारं एनएसएसके २००९ पासून आहे. पण होतं काय, दवाखान्यातून एकीचं नाव जातं, बहुतेक करून जिला घरातून निघणं जमतं तिचं, ती तीन दिवस जिल्ह्याला किंवा पुण्या-मुंबईला जाऊन येते, फोल्डर आणि सर्टिफिकेट घेऊन येते, आणि महिन्याभरात तिची ड्युटी लागते मेल वॉर्डात. जी लेबर रूमला आहे ती काही गेलेली नसते. आणि हातातलं काम हातातून लवकर जातं. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं की छाती दाबायची, ते शिकलेल्या माणसाचा हात काही महिन्यांतच ढिला पडतो हे जगभर तपासून झालंय, मिनिटाला १०० ते १२० दाब आणि निदान ५ सेंटिमीटर खोल हे तोंडपाठ असतं पण हात तेवढा जात नाही.

मी इन्चार्ज झाल्यावर दर गुरुवारी दुपारी हँडओव्हरच्या आधी २० मिनिटं ड्रिल सुरू केलं, कुणाच्या ऑर्डरने नाही, आपलं आपण. सरावाची एक जुनी बाहुली होती तिच्यावर. पहिल्याच गुरुवारी कळलं की नवजात बाळाचा मास्क कपाटात कुलूपबंद आणि चावी दिवसपाळीच्या सिस्टरच्या पर्समध्ये, म्हणजे रात्री बाळ रडलं नाही तर हाताने दाबून श्वास द्यायची अँब्यू बॅग आहे पण तोंडावर लावायला मास्क नाही. मग एकेकीने बॅग दाबून बघितली. सर्टिफिकेटवाल्या दोघी होत्या, बाहुलीची छाती एकीच्याही हाताने उचलली नाही, कारण मास्क नीट बसत नव्हता आणि हवा बाजूने फुस्स जात होती. अंगठा आणि तर्जनीने मास्क धरायचा, उरलेल्या तीन बोटांनी हनुवटीचं हाड वर घ्यायचं, मान थोडीशीच मागे. दहा मिनिटांत सगळ्यांना जमलं. पुढच्या महिन्यात बघितलं तर परत निम्म्यांचं बिघडलेलं, परत केलं. पहिल्या एका मिनिटात बाळाला श्वास लागतो, त्या मिनिटात पुस्तक काढून बघता येत नाही. चावी अर्थात त्याच दिवशी खिळ्याला लटकवली.

सर्पदंशाचं पण तसंच. फुरसं आपल्याकडे किती आहे सगळ्यांना माहित्ये, काजूच्या बागेत, गवत काढताना, दगडी गडग्यात. त्याच्या विषाने रक्त गोठायचं बंद होतं आणि ते बघायची साधी टेस्ट खाटेपाशी होते, काचेच्या कोरड्या स्वच्छ ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं जराही न हलवता ठेवायचं आणि मग एकदा तिरकी करून बघायची. इतकं सोपं, आणि इतकं चुकतं. एकदा नवीन लागलेल्या मुलीने साबणाच्या पाण्याने विसळून ठेवलेली ट्यूब घेतली, वीस मिनिटांनी रक्त पाण्यासारखं. अँटीव्हेनमच्या, म्हणजे विषावरच्या औषधाच्या, वायल फोडायला घेतल्या होत्या. आमच्यातल्या एका जुन्या सिस्टरने ट्यूब उजेडाला धरली, तळाशी फेस दिसला, तिने सगळ्यांना थांबवून नवीन कोरी ट्यूब लावली आणि वीस मिनिटं स्टुलापाशी उभी राहिली, कोणी धक्का मारू नये म्हणून. घट्ट गुठळी झाली. मग रात्रभर परत परत टेस्ट, एकदाही बिघडली नाही. अँटीव्हेनमची रिअॅक्शन जीवावर बेतू शकते, नको तिथे दिलं तर फुकटचा धोका, आणि खरंच लागतं तिथे उशीर केला तर माणूस जातो. त्या बाईंनी सगळ्यांना थांबवलं ना, ते महत्त्वाचं. त्या साध्या स्टाफ नर्स होत्या, इन्चार्ज दुसरीच होती.

विंचवाचं तर कोकणाने जगाला शिकवलंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन देऊन किती पोरं वाचवली, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती साधी गोळी दिली की काम संपत नाही. पोराला झोपवूनच ठेवायचं, उचलून आईच्या कडेवर द्यायचं नाही कारण बीपी पडतो, हातपाय गरम होतात का ते दर अर्ध्या तासाने हात लावून बघायचं, घाम, नाडी, श्वास. हे सगळं सिस्टरचं काम. ज्या पाळीला हे माहीत असलेली सिस्टर आहे ती पाळी वेगळीच जाते.

आता इन्चार्जबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त हेळसांड आहे. सिनिऑरिटी लागली की एक दिवस ऑर्डर येते आणि तुम्ही इन्चार्ज. मला पण तशीच आली. शिकवलं काय तर सामानाच्या मागणीचा इंडेंट कसा भरायचा, चादरी कशा मोजायच्या, ऑफ कसे लावायचे. रडत आलेल्या नवीन मुलीशी काय बोलायचं, चूक लपवायची नाही तर सांगायची हे वॉर्डात कसं रुजवायचं, ओरडणाऱ्या नातेवाइकांपुढे आपल्या सिस्टरच्या पाठीशी कसं उभं रहायचं, डॉक्टरांना चारचौघांत न दुखावता "सर, हा डोस परत बघता का" कसं म्हणायचं, यातलं एक अक्षर नाही. मी पहिली दोन वर्षं चुकीची वागले, चुकलेल्या मुलीला सगळ्यांसमोर बोलायचे, आणि त्याचा परिणाम एवढाच झाला की मुली चुका माझ्यापासून लपवायला लागल्या. हे मला कळायला दोन वर्षं गेली, कोणी आठ दिवस बसवून शिकवलं असतं तर आठ दिवसांत कळलं असतं.

ज्या नाइटिंगेल बाईंच्या नावाने आपण मेणबत्ती लावतो त्यांचं पण हेच विसरतो. १८५४ मध्ये त्या युद्धातल्या दवाखान्यात गेल्या तेव्हा नुसता दिवा घेऊन फिरल्या नाहीत. किती सैनिक जखमेने मेले आणि किती घाणीने, आजाराने मेले याचे आकडे पुढे सरकारपुढे मांडून भांडल्या. १८६० मध्ये लंडनला शाळा काढून नर्सना रीतसर शिकवायला लागल्या. आपल्या इकडे रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने बायकांना, त्यात विधवा पण होत्या, नर्सिंगला पाठवलं तेव्हा लोकांनी काय काय ऐकवलं असेल. म्हणजे हा पेशा पहिल्यापासून शिकणाऱ्या आणि बोलणाऱ्या बायकांचाच आहे.

आणि एक सांगायलाच हवं, नुसतं शिकवून भागणार नाही, हात पण हवेत. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्यांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते असं निघालं, आणि जास्त शिकलेल्या नर्स असल्या तर ती कमी होते असं पण. चाळीस खाटांना एक सिस्टर आणि त्यातल्या निम्म्या पोस्टवर ११ महिन्यांच्या कंत्राटाच्या मुली, तिथे गुरुवारचं ड्रिल करायला वेळ आणायचा कुठून. आपल्या मुली हुशार आहेत, जीएनएम बीएस्सी करून मुंबईला जातात, दुबईला जातात, आणि तिकडे त्यांना ठराविक काळाने सीपीआरची परीक्षा परत द्यावी लागते तेव्हा त्या कुरकुर न करता देतात. मग इथेच का नको.

२०२३ मध्ये १९४७ च्या जुन्याच्या जागी नर्सिंगचा नवा कायदा झाला. त्याचं काय व्हायचं ते दिल्लीत होईल. माझं मागणं जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होण्यासारखं आहे. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात एक कोपरा, दोन बाहुल्या, महिन्यातून चार वेळा ड्रिल, ते पण ड्युटीच्या तासांत, आणि नाईटवाल्या मुलींना धरून. ट्रेनिंग झालेल्या सिस्टरला निदान वर्षभर त्याच वॉर्डात ठेवा. इन्चार्जची ऑर्डर द्यायच्या आधी तिला शिकवा. आणि एमओ (मेडिकल ऑफिसर) साहेबांनी आपल्या सह्यांनिशी एक कागद वॉर्डात लावावा, की नाडी, श्वास, बीपी अमुक आकड्यापलीकडे गेलं तर सिस्टर फोन करेल आणि डॉक्टर येतील, किती वाजलेत ते विचारणार नाहीत. हा कागद लावायला पैसे लागत नाहीत.

पावसाळा आला की लेप्टोचा ताप, सर्पदंश, बंद रस्ते सगळं एकदम सुरू होतं, म्हणून हे दिवाळीनंतर बघू असं नको. माझं वय ६१ आहे, गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे. कुडाळ, कणकवली, मालवण, वेंगुर्ला यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याने बोलावलं तर आठवड्यातून एक दिवस मी एसटीने येऊन शिकवीन, मानधन नको. बाहुली मात्र त्यांनी द्यावी, आणि बाळाच्या मास्कची चावी खिळ्याला लावलेली असावी.

आपली,
एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर
कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग